वर्तनवाद (शिकणं म्हणजे दिसणाऱ्या वर्तनातला बदल, असं मानणारा मानसशास्त्रातला विचार) नीट समजून घ्यायचा आहे, सुरुवात कुठून करू?

भावी_शिक्षिका
डी.एल.एड.च्या (शिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, सोबत टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी चालू आहे. पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचा उंदीर हे या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग एवढं पाठ आहे. पण सराव पाठासाठी वर्गात उभी राहिले की यातलं काय वापरायचं ते सुचत नाही. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत तर दर वेळी गोंधळ होतो. काय वाचू, कसं वाचू?

झेडपीचे_गुरुजी
आधी गोंधळ सोडवू. प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढतं. शिक्षेने वर्तन कमी होतं, निदान तशी अपेक्षा असते. धन म्हणजे काहीतरी मिळणं, ऋण म्हणजे नकोसं काहीतरी टळणं. "वर्गात पाचही गणितं सोडवली तर आज गृहपाठ नाही" हे ऋण प्रबलन.

आता खरी मेख. कंटाळवाणा तास चालू आहे, एक मुलगा दंगा करतो, बाई त्याला बाहेर काढतात. बाईंच्या मते ही शिक्षा. मुलाची मात्र नको असलेल्या तासातून सुटका झाली, म्हणजे दंग्याला ऋण प्रबलन मिळालं. उद्या तो पुन्हा दंगा करणार. आणि बाई ओरडल्या की वर्ग दोन मिनिटं गप्प बसतो, त्यामुळे बाईंचं ओरडणंही पक्कं होत जातं. मला वर्तनवादातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो मुलांइतकाच शिक्षकालाही लागू आहे. तेव्हा कुठल्याही कृतीला नाव देण्याआधी तिच्यानंतर ते वर्तन वाढलं की घटलं, ते बघा.

वाचायला स्किनरचा १९५४ चा 'द सायन्स ऑफ लर्निंग अँड द आर्ट ऑफ टीचिंग' हा लेख घ्या. १९५३ मध्ये तो मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला होता. आपलं उत्तर बरोबर आहे की चूक, हे मुलांना लगेच कळतच नाही, हे त्याला तिथे खटकलं आणि त्यातून त्याची अध्यापन यंत्रं (उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगणारी) आली. लेख इंग्रजीत आहे, पण लहान आहे. नेट लावून वाचाच.

टीईटी_पास
परीक्षेपुरतं: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला ३० गुण असतात. थॉर्नडाइकचे सज्जता, सराव आणि परिणाम हे तीन नियम उदाहरणांसह करा. परिणामाचा नियम त्याने पुढे स्वतःच बदलला: बक्षिसाने बंध (प्रसंग आणि प्रतिसाद यांतला दुवा) पक्का होतो, तेवढ्या प्रमाणात शिक्षेने तो सुटत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं.

बालवाडीताई
एक काळजीचा मुद्दा. बक्षिसं जपून द्या. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतरच्या मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. जे मूल आपणहून करतंय त्यावर स्टार चिकटवू नका.

भावी_शिक्षिका
खूप आभार सगळ्यांचे! गुरुजी, एक मुलगी हात वर न करता सतत उत्तरं ओरडते. दुर्लक्ष केलं तर आणखी जोरात ओरडते. मग विलोपन (प्रबलन थांबवून वर्तन घालवणं) चुकलं का?

झेडपीचे_गुरुजी
नाही, हे अपेक्षितच आहे. प्रबलन थांबलं की वर्तन आधी उसळतं, मग ओसरतं. त्या उसळीतच तिला उत्तर द्यायची संधी दिलीत, तर सगळ्यात मोठ्याने ओरडणं फळतं असं ती शिकेल. आणि नुसतं दुर्लक्ष पुरत नाही. तिचा हात जरा जरी वर गेला की लगेच नाव घेऊन विचारा. सुरुवातीला प्रत्येक वेळी, सवय लागल्यावर अधूनमधून. बाकीची मुलं तिच्या ओरडण्यावर हसत असतील तर प्रबलन तिकडून मिळतंय, तुमच्या दुर्लक्षाने काही होणार नाही. तसं असेल तर तिची बसायची जागा बदला आणि हात वर करायचा नियम सगळ्या वर्गाला लावा.