पांढरं पडलेलं प्रवाळ जिवंत असतं
प्रवाळांच्या अभ्यासक रूथ गेट्स यांच्या संशोधनावरच्या या चर्चेत वर कुणीतरी पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलंच असतं असं लिहिलंय. तसं नाही. प्रवाळ हा समुद्रातला प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं; बहुतेक अन्न तेच पुरवतं, रंगही बराचसा त्याचाच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक उतींमधून चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. प्राणी उपाशी असतो, पण जिवंत असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो.

गेट्स यांचं काम मला इथेच फार मोलाचं वाटतं. हवाईच्या कानेओहे उपसागरात २०१५ च्या उष्णतेत प्रवाळाची एक वसाहत पांढरीफटक, तर तिला खेटून असलेली त्याच जातीची दुसरी तपकिरी, धडधाकट! अशा तगलेल्या प्रवाळांचा संकर करायचा, त्यांना मुद्दाम ताण सोसायला लावायचा, हा प्रयोग त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या प्रवाळ-संशोधक मॅडेलिन व्हॅन ओपेन यांच्यासोबत हाती घेतला. २०१८ मध्ये गेट्स वारल्या, फार लवकर.

पण नुसत्या संकरावर भिस्त ठेवू नका. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीवर २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं मोठं विरंजन झालं, म्हणजे प्रवाळ असं पांढरं पडलं. इतक्या थोड्या अवधीत कणखर वसाहतींनाही सावरायला उसंत मिळत नाही.