परदेशातील ताय-चीची गुरुपरंपरा : कागद मागावा की हात पाहावा?

दप्तरदार (धागाकर्ता)

मी इंग्लंडमध्ये ज्या ताय-चीच्या वर्गाला जातो, तिथे भिंतीवर रेशमी कापडावर छापलेला एक तक्ता टांगलेला आहे. सर्वांत वर ढगांत बसलेले दाढीवाले झांग सानफेंग, त्यांच्याखाली वांग झोंगयुए, मग चेन चांगशिंग, यांग लुचान, त्यांचे पुत्र, नातू यांग चेंगफू आणि तळाशी, इतरांच्या मानाने जरा मोठ्या चौकटीत, आमचे शिक्षक, 'पाचवी पिढी' अशा मथळ्यासह. यांग चेंगफू आणि आमचे शिक्षक यांच्यामध्ये एकच चौकट आहे. तिच्यात 'वू' आडनावाचे एक नाव आहे, छायाचित्र नाही. हे गृहस्थ कोण आणि शिक्षक त्यांच्याकडे किती काळ शिकले, हे मी दोनदा विचारले. ते हाँगकाँगचे होते एवढे कळले आणि दोन्ही वेळा सांगण्यात आले की आधी नीट उभे राहायला शिका. सल्ला चांगलाच आहे, पण माझ्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. हाँगकाँगच्या जुन्या वर्गांच्या ज्या याद्या मला मिळू शकल्या, त्यांत हे नाव सापडत नाही.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताय-ची, बाग्वा आणि शिंगयी या तीन चिनी युद्धकलांना मिळून 'नैजिया', म्हणजे आतल्या घरच्या किंवा अंतर्गत कला, म्हणण्याचा प्रघात आहे. शाओलिनची कला बाहेरची आणि ही आतली, हिचा मूळपुरुष झांग सानफेंग, ही मांडणी हुआंग झोंगशी या विद्वानाने १६६९ मध्ये वांग झेंगनान या योद्ध्यासाठी लिहिलेल्या समाधिलेखात आढळते; परंतु त्या लेखात ताय-चीचे नावही नाही. झांग सानफेंग ताय-चीला मागाहून चिकटवले गेले. १९३०च्या दशकाच्या आरंभी तांग हाओ हे इतिहासकार हेनान प्रांतातील चेनजियागोऊ या खेड्यात गेले, त्यांनी चेन घराण्याची वंशावळ वाचली आणि ही कला सतराव्या शतकातील चेन वांगटिंग यांच्यापर्यंतच मागे नेता येते, असे मांडले. (आपल्याकडे राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले, त्याच जातीचे हे काम.) यांग लुचान (१७९९–१८७२) याच खेड्यात चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले आणि पुढे बीजिंगला जाऊन शिकवू लागले, तेथून पुढचे बरेचसे इतिहासात बसते. म्हणजे आमच्या तक्त्याचा वरचा भाग पुराणकथा आहे, मधला इतिहास आहे आणि खालचा, ज्याच्या भरवशावर मी दरमहा शुल्क भरतो, तो झाकलेला आहे. छपाई मात्र तिन्हींची एकाच सोनेरी शाईत.

माझे मत असे की परदेशात या कला शिकवणाऱ्याने पिढीचा आकडा सांगणे सोडून द्यावे आणि कोणाकडे, कोणत्या गावी, साधारण कोणत्या वर्षांत व नेमके काय शिकलो, हे सांगावे. हे अशक्य नाही. सोफिया डेल्झा ही अमेरिकी नर्तकी १९४८ ते १९५१ या काळात शांघायमध्ये होती, तिथे ती मा युएलियांग यांच्याकडे वू शैली शिकली आणि १९५४ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रात्यक्षिक केले; तिच्या बाबतीत गाव, गुरू आणि वर्षे तिन्ही उघड आहेत. यांग चेंगफूंचे थोरले पुत्र यांग शौझोंग १९४९ नंतर हाँगकाँगमध्ये स्थायिक झाले आणि त्यांनी विधिपूर्वक पत्करलेले शिष्य तिघेच. त्यांतला एक हाँगकाँगमध्ये राहिला, एक बॉस्टनला व एक लंडनला शिकवू लागला. जिथे सांगण्यासारखे असते तिथे ते दोन ओळींत सांगून होते, हा माझा अनुभव आहे.

आखाडेकरी

दप्तरदार, तुम्ही शिकायला गेला आहात की वारसाहक्काचा दावा चालवायला? गुरूच्या मनगटाला मनगट लावून उभे राहा. थुईशौ म्हणतात ते याचसाठी असते : समोरच्याच्या हाताला हात चिकटवून त्याचा तोल ओळखायचा आणि आपला कळू द्यायचा नाही. ज्याला खरोखर येते त्याच्या हाताला तुम्ही जोर लावू जाता तेव्हा जोर लावायला जागाच सापडत नाही, आणि मग तुमची टाच जमिनीवरून कधी उचलली गेली हेही कळत नाही. हे तीस सेकंदांत समजते. त्यासाठी शांघायचा पत्ता लागत नाही.

तुमची वर्षांची कसोटी तर सरळ फसते. सुन लुतांग (१८६०–१९३३) यांना ताय-ची शिकवली हाओ वेईझेन यांनी. हाओ बीजिंगमध्ये आजारी पडले, सुन यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि त्या उपकाराची फेड म्हणून हाओंनी विद्या दिली. सुन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते आणि हा सहवास काही दहा-वीस वर्षांचा नव्हता, तरी आज सुन शैली पाच प्रमुख शैलींत मोजली जाते. तुमच्या नमुन्यात सुन लुतांगांनी काय भरले असते? 'गाव : बीजिंग, कालावधी : थोडा'? शिंगयी आणि बाग्वा त्यांच्या अंगात आधीच मुरलेले होते म्हणून थोडक्यात भागले, हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

दप्तरदार

सुन लुतांगांचे उदाहरण मला लागू पडते, ते मी मान्य करतो. पण ते तुम्ही मला सांगू शकता कारण कोणाकडे आणि कोणत्या प्रसंगी शिकले हे लिहून ठेवलेले आहे. मी कालावधी मोठाच असावा असे म्हटलेले नाही, तो सांगावा असे म्हटले आहे.

हाताची कसोटी निर्णायक असती तर वादच उरले नसते. जानेवारी १९५४ मध्ये मकावला वू घराण्याचे वू गोंगयी आणि श्वेत बगळा शैलीचे तरुण चेन केफू यांची जाहीर लढत झाली, हजारोंनी ती पाहिली, तिचे चित्रीकरणही आहे. दुसऱ्या फेरीनंतर निकाल न देता ती थांबवली गेली आणि सत्तर वर्षे दोन्ही बाजूंचे लोक तीच चित्रफीत दाखवून आपलाच माणूस सरस होता असे सांगत आहेत. शिवाय तुम्ही सांगता ती तीस सेकंदांची पारख नवशिक्याला करता येत नाही, आणि शुल्क तर पहिल्याच दिवशी भरावे लागते.

परदेशस्थ

मी सिंगापूरमध्ये वाढलो, आता कॅलिफोर्नियात आहे. दप्तरदारांच्या मागणीत एक गृहीतक आहे, ते मला खटकते : स्थलांतरित चिनी माणसाची नोंद सापडायला हवी आणि सापडली नाही तर माणूस संशयास्पद.

अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना कायद्याने प्रवेशबंदी केली. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे नोंदणी दप्तर जळाले, तेव्हा तिथल्या अनेक चिनी लोकांनी आपला जन्म अमेरिकेतलाच असल्याचे सांगितले, आणि नागरिकाच्या मुलाला प्रवेश मिळत असल्याने कागदोपत्री मुलगे निर्माण झाले. चीनमधील तरुण विकत घेतलेल्या नावाने बोटीत चढत. एंजल बेटावरच्या छावणीत (१९१०–१९४०) अधिकारी त्यांना विचारत, तुमच्या घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, शेजाऱ्याला मुले किती. आणि हे सारे त्यांनी प्रवासात पाठ केलेले असे. या माणसांच्या मुलानातवंडांची आडनावेसुद्धा आजवर खोट्या कागदावरची आहेत. १९४३ मध्ये बंदी उठली ती वर्षाला १०५ जणांपुरती. दार खऱ्या अर्थाने उघडले १९६५च्या कायद्याने. तुम्ही राहता त्या इंग्लंडचेही सांगतो : लिव्हरपूलमध्ये घर करून राहिलेल्या शेकडो चिनी खलाशांना युद्ध संपताच, १९४५-४६ मध्ये, बायकामुलांना न कळवता परत पाठवण्यात आले. अशा माणसाने तळघरात चार जणांना काही शिकवले असेल, तर त्याची पावती कुठे शोधणार?

दुसरे, नावांचे. तुम्ही ज्या 'वू'ला शोधत आहात तो कोणता वू? ताय-चीमध्ये वू शैली दोन आहेत. एक वू युशियांग यांची, जिचे आडनाव 'युद्ध' या अर्थाच्या अक्षराने लिहितात. दुसरी वू जियानचुआन यांची, ज्यांच्या आडनावाच्या अक्षराच्या माथ्यावर 'तोंड' या अर्थाचा छोटा चौकोन असतो. मँडरिनमध्ये दोहोंच्या फक्त सुरांत फरक आहे, रोमन लिपीत तोही पुसला जातो आणि देवनागरीतही दोन्ही 'वू'च. कँटनी बोलीत मात्र हा घोटाळा होतच नाही : पहिले 'मोउ' आणि दुसरे नुसता अनुनासिक 'ङ्'. आमच्या सिंगापुरात फुकियन लोक त्याच दुसऱ्याला 'गो' म्हणतात. यांग शौझोंग यांचे नावसुद्धा हाँगकाँगमध्ये 'यंग साऊ-चुंग' असे होते. चिनी अक्षरे हातात नसताना परंपरा शोधणे म्हणजे पत्त्यावर नुसते 'कुलकर्णी, पुणे' लिहून पत्र टाकणे आहे.

दप्तरदारांशी एका बाबतीत मी सहमत आहे. शिष्य म्हणून स्वीकारण्याचा बाईशी हा विधी झाला असेल तर कागद असतो. गुरूला चहा दिला जातो, गुडघे टेकून नमस्कार होतो आणि नावे लिहिलेला लाल घडीचा कागद गुरूच्या हाती जातो. आपल्याकडे गाण्यात गंडा बांधतात, त्याच्या जवळचे. पण नुसता वर्गात येणारा विद्यार्थी आणि असा दारातून आत घेतलेला शिष्य यांत चिनी माणूस पक्का भेद करतो आणि परदेशी तक्ते तो भेद सफाईने गाळतात. खोटेपणा शोधायचा तर तो या गाळण्यात शोधा.

संशयात्मा

सगळेच एक साधी गोष्ट विसरत आहात. १९५६ मध्ये चीनच्या राज्य क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून २४ हालचालींचा संक्षिप्त क्रम बेतला. तो समितीचा आहे, त्याला कुलपुरुष नाही, आणि परदेशात 'पारंपरिक यांग शैली'च्या पाटीखाली कितीतरी ठिकाणी तोच शिकवला जातो. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही; माझ्या आईचे गुडघे त्याच्यावरच चालतात. ज्याला तो प्रामाणिकपणे शिकवायचा आहे त्याला तक्ता लागत नाही. तक्ता लागतो शुल्क दुप्पट करताना. तेव्हा दप्तरदारांनी तक्त्याची शहानिशा करण्यात वेळ घालवण्यापेक्षा, तक्ता दिसला की वर्ग बदलावा.

दप्तरदार

तक्ता दिसला की वर्ग बदलायचा ठरवले तर मला घरीच बसावे लागेल. परदेशस्थ यांचा कागदी मुलांचा मुद्दा मात्र माझ्या मूळ मताला छेद देतो आणि मी माझे मत त्या मर्यादेत बदलतो : नोंद नसणे हा खोटेपणाचा पुरावा धरता येणार नाही. विचारल्यावर उत्तर टाळणे याचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न तरीही उरतो.

नोंद नसेल तिथे आणखी एक वाट आहे असे मला वाटते. जुन्या पोथ्यांची कुळे पाठभेदांवरून लावतात. एकच चूक दोन पोथ्यांत आढळली तर दोघींची आई एक. शरीरातही असे पाठभेद उतरतात. यांग चेंगफूंच्या छायाचित्रांत तळहात पुढे येतो तेव्हा मनगट मोडलेले आणि बोटे वर असतात. त्यांचे शिष्य चेंग मान-चिंग (१९०२–१९७५) यांनी मनगट सरळ, सैल ठेवले आणि त्याला सुंदर स्त्रीचा हात म्हटले. लांब क्रम कापून त्यांनी ३७ हालचालींचा केला. ते १९४९ मध्ये तैवानला आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले, आणि आज मलेशियात किंवा अमेरिकेत जिथे ते सरळ मनगट दिसते तिथे त्यांची सावली आहे असे समजायला हरकत नाही. चेंग यांग चेंगफूंकडे किती वर्षे होते यावर अजून भांडणे चालतात, पण यांग चेंगफूंच्या १९३४च्या पुस्तकाला चेंग यांची प्रस्तावना आहे, तेव्हा नाते होते की नाही हा वाद तिथे संपतो.

संशयात्मा

सरळ मनगट चित्रफीत पाहून एका रविवारी शिकता येते.

आखाडेकरी

मनगट शिकता येईल, पण ते सरळ ठेवून समोरच्याचा जोर पायापर्यंत उतरवणे शिकता येणार नाही. म्हणजे शेवटी हातच पाहावा लागला ना, दप्तरदार? अर्थात तुम्ही छायाचित्रे घेऊन बसला आहात हे तक्ता घेऊन बसण्यापेक्षा बरे.

दप्तरदार (आठ दिवसांनंतर)

परदेशस्थ यांचे ऐकून या वेळी मी शिक्षकांना प्रश्न विचारला नाही. वर्ग संपल्यावर वही पुढे केली आणि त्या मधल्या चौकटीतील नाव चिनी अक्षरांत लिहून द्याल का, एवढीच विनंती केली. त्यांना आनंद झालेला दिसला. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि एकेक रेघ क्रमाने काढत तीन अक्षरे लिहिली. पहिल्या अक्षराच्या माथ्यावर चौकोन आहे. लिहिता लिहिता ते आपणहून म्हणाले की म्हाताऱ्याला मँडरिन धड येत नसे, सगळे शिकवणे कँटनीत चाले आणि ते दोन हिवाळेच मिळाले. म्हणजे त्यांच्या गल्लीत त्यांना 'ङ्' म्हणत असणार, आणि मी इतके महिने हाँगकाँगच्या रोमन याद्या 'डब्ल्यू' या अक्षराखाली चाळत होतो. आज रात्री 'एन'पासून सुरुवात करतो.