एडी नववा, क्लिंगन सातवा : हा क्रम उलटा हवा होता

उंचमाडी (धागाकर्ता)

२०२४ च्या गुढीपाडव्याला आपल्याकडे गुढ्या उभ्या राहत होत्या, तेव्हा अ‍ॅरिझोनातल्या ग्लेंडेलला अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची फायनल रंगली होती. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी, उंची ७ फूट ४ इंच. समोर यूकॉनचा (कनेक्टिकट विद्यापीठ) डोनोव्हन क्लिंगन, ७ फूट २ इंच. एडीने ३७ पॉइंट आणि १० रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं) काढले, क्लिंगनने ११ आणि ५. जूनमध्ये एनबीए ड्राफ्ट झाला, म्हणजे व्यावसायिक लीगच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडले. क्लिंगनला पोर्टलंडने सातव्या क्रमांकावर घेतलं, एडीला मेम्फिसने नवव्या. आणि वर लोक हसले कोणाला, तर मेम्फिसला! म्हणे फार लवकर घेतला.

सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला हा माणूस. असं याआधी राल्फ सॅम्प्सनला जमलं होतं, तेही ऐंशीच्या दशकात. शेवटच्या सीझनला सरासरी २५ पॉइंट, १२ रिबाउंड. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) सत्तर टक्क्यांच्या वर. तरी शिक्का एकच, 'जुन्या जमान्याचा सेंटर' (रिंगजवळ खेळणारा उंच गडी). पहिल्या एनबीए सीझनमध्ये एडी सरासरी ९.२ पॉइंट आणि ८.३ रिबाउंड घेऊन ऑल-रुकी (वर्षातल्या सर्वोत्तम नवख्यांच्या) पहिल्या संघात, क्लिंगन ६.५ आणि ७.९ घेऊन दुसऱ्या. आता बोला.

तिसरा_पास

फायनलचा स्कोअर लिहायचा राहिला वाटतं. यूकॉन ७५, पर्ड्यू ६०.

झोनवाला

तेच म्हणतो. ते ३७ पॉइंट यूकॉनने त्याला 'घेऊ दिले'. कोच डॅन हर्लीचा हिशोब साधा होता. एडीवर दुसरा माणूस पाठवायचाच नाही, बाकीच्या चौघांनी आपापला गडी सोडायचा नाही. पर्ड्यू त्या वर्षी तीनच्या (लांबून मारलेल्या, तीन पॉइंटच्या) शॉटमध्ये देशातल्या अव्वल संघांपैकी एक, आणि फायनलमध्ये त्यांना तीनचे शॉट मिळाले एकूण सात. गेला एक. हा प्लॅन चालतो कधी? मागे क्लिंगनसारखा एकट्याने झुंजणारा सेंटर असेल तेव्हाच. बाकी संघांना एडीवर दोन-दोन माणसं टाकावी लागायची आणि मग पर्ड्यूचे शूटर मोकळे सुटायचे.

त्याच स्पर्धेतला इलिनॉयविरुद्धचा सामना बघा. क्लिंगन ज्या १९ शॉटच्या आडवा आला त्यातला एकही आत गेला नाही. एकोणीसपैकी शून्य! यूकॉनने सलग ३० पॉइंट केले आणि सामना ७७-५२ ने संपवला. पॉइंट करणारे ढीगभर मिळतात हो, समोरच्या संघाला रिंगजवळ जायचीच धास्ती वाटावी असा एखादाच.

उंचमाडी

'घेऊ दिले' हे बरं आहे. म्हणजे कोणी ३७ मारले की ते त्याला दिलेले, आणि ११ मारले की ती रणनीती.

दादा_पिव्होट

मी पोरांना खेळ शिकवतो म्हणून हातापायांबद्दल बोलतो. एडीचा पास पकडतानाचा व्हिडिओ थांबवून थांबवून बघा. बॉल डोक्याच्या वर घेतो आणि खाली आणतच नाही. उंच पोरांची हमखास खोड म्हणजे बॉल छातीशी आणायचा, एक ड्रिबल करायचा, की खालून बुटका गार्ड (बाहेरून खेळणारा चपळ गडी) येऊन हात मारतो. एडी ती संधीच देत नाही. त्याच्याही आधी पायांनी जागा धरून ठेवतो, पाठीवर माणूस घेऊन. पास मिळाला की अर्धा सामना तिथेच जिंकलेला. मग उजव्या हाताचा हूक (डोक्यावरून वळवून टाकलेला शॉट), नाहीतर फाउल. शेवटच्या सीझनला सामन्याला अकराच्या आसपास फ्री थ्रो मिळवायचा तो काही रेफरींच्या मेहेरबानीवर नाही. लहानपणी टोरांटोत आइस हॉकी आणि बेसबॉल खेळणारा पोरगा, बास्केटबॉलला उशिरा आला, हे लक्षात घेतलं तर चार वर्षांतली प्रगती अफाट आहे.

कागदी_वाघ

कॉलेजात मारलं म्हणून एनबीएत मारेल, हे गणित कितीदा फसलंय ते मोजा. ल्युका गार्झा, २०२१ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, ड्राफ्टमध्ये ५२ वा. ऑस्कर शिब्वे, २०२२ चा, कोणी घेतलाच नाही. ड्रू टिमी, तेच. आणि सगळ्यात बोलकं उदाहरण यूकॉनचंच. २०२३ ला ते चॅम्पियन झाले तेव्हा अंतिम टप्प्याचा मानकरी अदामा सानोगो. त्याला कोणी निवडलं नाही. त्याच्या मागे बाकावरून येणारा पोरगा पुढच्या वर्षी सातवा गेला. तो पोरगा क्लिंगन.

जाहलिल ओकाफोर आठवतो? २०१५ ला ड्यूककडून १७ पॉइंटची सरासरी. त्याच वेळी केंटकीत कार्ल-अँथनी टाउन्स जेमतेम २१ मिनिटं खेळून १० करत होता. आकड्यांवर गेलं तर ओकाफोर आधी जायला हवा होता. मिनेसोटाने पहिला टाउन्सला उचलला, ओकाफोर तिसरा गेला. पुढे टाउन्स स्टार झाला, ओकाफोर मागे पडला.

उंचमाडी

गार्झा, शिब्वे, टिमी, सानोगो यातला एकही सात फुटी नाही, आणि एडी साताच्या वर चार इंच. ती उंची एनबीएत गेल्यावर आखूड होत नाही. आणि ओकाफोर फ्री थ्रो निम्मेच टाकायचा, डिफेन्सला उभा राहायचा ते पाहुण्यासारखा. एडीची त्याच्याशी तुलना म्हणजे कैच्या कै.

झोनवाला

अंगापिंडाचं मान्य, पण एनबीएत त्याला उभं कुठे करणार ते सांगा. कॉलेजात सेंटरने पेंटमध्ये (रिंगखालच्या चौकोनात) तंबू ठोकला तरी चालतं. एनबीएत कोणाला न अडवता तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलात की टेक्निकल फाउल. तीनची रेषा लांब, म्हणजे धावायचं अंतर जास्त. वर प्रत्येक गार्ड पिक अँड रोल (एकाने आडवं उभं राहून दुसऱ्याला वाट करून द्यायचा डाव) खेळून सेंटरला बाहेर खेचणार.

तिसरा_पास

मग तो नियम क्लिंगनला लागू नाही का? तोही काही बाहेर येऊन गार्डमागे पळत नाही. दोघंही मागे सरकून रिंग राखणारेच. आणि क्लिंगनचे फ्री थ्रो बघा, कॉलेजात साठ टक्क्यांच्या खाली. शेवटच्या दोन मिनिटांत त्याला मुद्दाम फाउल करायला लागले की ठेवणार का त्याला कोर्टवर?

बाकावरचा

मी कोणाच्याच बाजूचा नाही, पण उंच माणूस आणि पोर्टलंड हे ऐकलं की पोटात गोळा येतो. १९८४ ला सॅम बोवी, ज्याच्या पुढच्याच क्रमांकावर जॉर्डन गेला. २००७ ला ड्युरँटला सोडून ग्रेग ओडन, जो दुखापतींमुळे त्यांच्याकडून एकूण ८२ सामनेच खेळला. क्लिंगनच्या गुडघ्यांना देव सांभाळो. तसं एडीचंही जून २०२५ मध्ये घोट्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मेम्फिसवाल्यांनीही फार उड्या मारू नयेत.

कागदी_वाघ

दुखापतीचं सोडा, ती कोणाला सांगून येत नाही. मुद्दा संघाचा आहे. मेम्फिसने स्टीव्हन अ‍ॅडम्सला ह्यूस्टनला दिल्यावर त्यांना धिप्पाड सेंटर हवाच होता. शेजारी तेव्हा जॅरन जॅक्सन ज्युनियर होता, म्हणजे एडीच्या डिफेन्समधली भगदाडं झाकायला माणूस तयार. पोर्टलंडकडे डिआंद्रे एटन आधीच बसलेला, त्यामुळे क्लिंगनला मिनिटं वाटून घ्यावी लागली. तरी सामन्यामागे ब्लॉक (हाताने अडवलेले शॉट) बघा, क्लिंगनचे १.६, एडीचे १.३. धागाकर्त्यांनी पॉइंट आणि रिबाउंड दिले, ब्लॉकचा रकाना गाळला.

उंचमाडी

गाळला नाही, त्याने क्रम बदलत नाही म्हणून लिहिला नाही. पॉइंट मोजायचे नाहीत आणि ब्लॉक मात्र दशांशात मोजायचे? बरं, एटन २०२५ च्या उन्हाळ्यात पोर्टलंडहून लेकर्सकडे गेला. आता क्लिंगनच्या मिनिटांची सबब उरलेली नाही. ३० मिनिटं खेळवा आणि पॉइंट सांगा.

झोनवाला

पॉइंट नाही सांगणार. तो कोर्टवर असताना समोरच्याने रिंगजवळ किती टाकले, ते सांगेन.