७२०० भागिले ९०० हा हिशोबच चुकीचा

वर कुणीतरी मुंबई–लंडन ७२०० किमी, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे ८ तास असं मांडून तिकिटावर साडेनऊ-दहा तास का, असं विचारलंय. अंतर बरोबर आहे, पण ते गोलावरचं सर्वात जवळचं अंतर. विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातं. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, धावपट्टीपर्यंतचं रांगणं धरून. आणि ९०० हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग, जमिनीच्या नव्हे. वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त, येताना तासभर तरी कमी.

छापलेल्या वेळा स्थानिक असतात हेही बघा. दुपारी १ ला सुटून संध्याकाळी ६ ला उतरलं म्हणजे ५ तास नव्हेत. त्यात उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच मिळवा. ब्रिटनची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.

सांगलीकरांनी मात्र खरा हिशोब उलटा करावा. १ च्या विमानाला १० ला विमानतळावर हवं. पेठ नाका, कराड, पुणे करत रस्त्याला ७-८ तास. खंबाटकी नाहीतर लोणावळ्याच्या घाटात अडकण्यासाठी आणखी दोन धरा, म्हणजे रात्री १२ लाच घर सोडायचं. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, घाटातला ट्रॅफिक तिथे कुणी ऐकून घेत नाही.