मदत हवी आहे: कार्पेटच्या कडेचे काळे पट्टे काही केल्या जात नाहीत

रानजाई (मंगळवार, रात्री ९:१२)
कार्पेटच्या कडेला भिंतीलगत काळे पट्टे पडलेत. व्हॅक्यूम करून झालं, ब्रशने घासून झालं, बेकिंग सोडा आणि व्हिनेगर टाकून झालं. ढिम्म हलत नाहीत. शनिवारी सकाळी १० च्या आत जायलाच हवेत. कोणी केलंय का हे? नक्की काय वापरलं तेवढं सांगा. कार्पेटवाल्यांना बोलवा असं कृपया सांगू नका, पुढच्या आठवड्याच्या आत कोणालाही वेळ नाहीये.

खटाटोप
कार्पेट कसलं? अंथरलेला गालिचा की भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेलं? लोकर की नायलॉन? रंग कोणता? घर कुठे, भाड्याचं की स्वतःचं? यातलं काहीच माहीत नसताना कोणी औषध सुचवलं तर नुकसान तुमचं होईल.

इंद्रायणी
काळे म्हणजे बुरशी असणार. आमच्याकडे बाथरूमलगतच्या भिंतीला अशीच रेघ आली होती. ब्लीच पाण्यात मिसळून लावा, एका रात्रीत साफ.

खटाटोप
इंद्रायणी, तुमची भिंत होती, हे कार्पेट आहे. ब्लीचने पट्टा जायच्या आधी कार्पेटचा रंग जाईल, आणि तो परत आणता येत नाही. लोकरीचं असेल तर धागाच विरघळेल. रानजाई, थांबा, ब्लीचला हात लावू नका.

रानजाई
भाड्याचं आहे. एडिसन, न्यू जर्सी. टाऊनहाऊस, दोन वर्षं झाली. बेज रंग, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कसल्या धाग्याचं ते मला कसं कळणार? बुरशी नाही. कोरडं आहे, वास नाही. हे घर सोडतेय, म्हणून शनिवारी भाड्याच्या ऑफिसमधली बाई पाहणीला येणार आहे. गेल्या आठवड्यात सहज डोकावून गेली तेव्हाच म्हणाली की हे डाग आहेत, कार्पेट बदलावं लागेल आणि पैसे डिपॉझिटमधून कापू. इथे काही सांडलेलं नाही हो! पलंगामागे, जिथे माणूस जातही नाही, तिथे कोण काय सांडणार?

सह्यकडा
तुम्ही जे शेवटी लिहिलंत तेच महत्त्वाचं आहे. तीन गोष्टी सांगा. बेडरूमचं दार बंद केल्यावर दाराच्या फटीखाली बरोबर दाराएवढाच पट्टा आहे का? जिन्याच्या पायऱ्यांना भिंतीकडच्या बाजूला आहे का? घरात रोज काही जळतं का, म्हणजे दिवा, उदबत्ती, मेणबत्ती, धूप?

रानजाई
हो, दाराखाली आहे! अगदी दाराएवढाच. जिन्यालाही आहे. तुम्हाला कसं कळलं? निरांजन रोज असतं. उदबत्ती सकाळ-संध्याकाळ. हिवाळ्यात सुगंधी मेणबत्त्याही लावते. पण देवघर तर खाली आहे आणि पट्टे सगळ्यात जास्त वरच्या बेडरूममध्ये.

सह्यकडा
मग हा वरून पडलेला डाग नाही, हवेने गाळून ठेवलेली काजळी आहे. मी घराच्या हीटिंग-कूलिंगच्या कामात बरीच वर्षं आहे, हे शेकडो घरांत पाहिलंय.

होतं असं. फरनेस, म्हणजे घर तापवणारं मशीन, त्याचा पंखा खोलीत हवा ढकलतो. ती परत जायची जाळी बऱ्याच घरांत फक्त बाहेर पॅसेजमध्ये असते. रात्री दार बंद केलंत की आत आलेल्या हवेला बाहेर पडायला दाराखालची फट आणि बेसबोर्डच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या पट्टीच्या, खालची बारीक फट एवढ्याच वाटा उरतात. त्या वाटेत कार्पेटचे धागे उभे असतात. आपण चहा गाळतो तशी हवा त्यातून गाळली जाते आणि चोथा कडेला साठतो. हा चोथा म्हणजे दिव्या-मेणबत्तीची काजळी, फोडणीच्या तेलाची वाफ, रस्त्यावरचा धूर. देवघर खाली असलं तरी हवा सगळ्या घराची एकच असते.

काजळीचे कण एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान असतात, त्यात तेलकट. ते धाग्याला चिकटून बसतात, नुसत्या व्हॅक्यूमने सुटत नाहीत. म्हणून तुम्ही घासलंत तरी काही झालं नाही.

ओसरी
देवाच्या दिव्यामुळे घर खराब होतं हे काही पटत नाही. आमच्या घरी चार पिढ्या समई तेवते आहे. खरा दोष त्या सुगंधी मेणबत्त्यांचा.

सह्यकडा
ओसरीताई, दिवा लावू नका असं मी म्हटलेलं नाही. ज्योत तेलाची असो, तुपाची असो की मेणाची, वात मोठी झाली आणि ज्योत थरथरायला लागली की काजळी धरते. चार पिढ्यांच्या घरात दारं-खिडक्या उघड्या होत्या. इथे नोव्हेंबर ते मार्च सगळं बंद असतं.

ओसरी
वात बारीक ठेवावी हे बरोबर. आमची आजी समईच्या वातीचा काजळलेला शेंडा रोज खुडायची, आणि तरीही देवघराच्या वरचं आढं काळंच होतं, हे आता लिहिताना आठवलं. रानजाई, निरांजन खिडकीपाशी ठेवता येईल का बघ. बंद करू नकोस बाळा.

गोदाकाठ
लोकरीच्या घोंगडीला आम्ही रिठ्याचं पाणी वापरतो. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कोळून फेस काढायचा, घोंगडी त्यात बुडवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. सोडा लोकरीला चालत नाही. सतरंजी सुती असेल तर मात्र सोडा चालतो.

रानजाई
गोदाकाठ, धन्यवाद, पण माझं कार्पेट जमिनीला ठोकलेलं आहे, बुडवता येत नाही. मला कृपया कोणी आज रात्री काय करायचं ते सांगा.

मळवाट
किराणा दुकानात कार्पेट धुवायचं मशीन भाड्याने मिळतं. गरम पाणी, वर त्यांचंच शाम्पू. दोन वेळा फिरवा, काम संपलं. आम्ही दर वर्षी करतो.

पैलतीर
मळवाट, मधल्या भागाला ठीक आहे, कडेला नाही. त्या मशीनचं तोंड बेसबोर्डला टेकत नाही आणि पाणी मात्र कडेला साचतं. कडेखाली खिळ्यांची लाकडी पट्टी असते, तीवर कार्पेट ताणून अडकवलेलं असतं. ती भिजली की खिळे गंजतात आणि लाकडाचा तपकिरी रंग वर येतो. मग काळ्याच्या जागी तपकिरी. मी कोलंबसच्या अपार्टमेंटमध्ये हाच उद्योग करून बसले होते.

मळवाट
आमच्याकडे कधी तपकिरी झालं नाही.

पैलतीर
तुमच्याकडे झालं नाही हे चांगलंच आहे. तिच्याकडे तीन दिवस आहेत, तिने ही जोखीम का घ्यावी?

रानजाई, मी दुसऱ्या खेपेला काय केलं ते लिहिते. आधी धागा ओळख. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातून एकच तंतू कापून घे, चिमट्यात धरून सिंकवर जाळ. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. भाड्याच्या घरात बहुतेक दुसरंच असतं.

मग व्हॅक्यूमची चपटी नळी लावून कड अगदी सावकाश ओढ, हाताने कार्पेट थोडं भिंतीपासून मागे दाबत. खिळे वर असतात, बोटं सांभाळ. तू टाकलेला सोडा आधी पूर्ण निघायला हवा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांना मारतात. फसफस दिसते तो नुसता कार्बन डायऑक्साइड, आणि मागे राहतं सोडियम ॲसिटेट, म्हणजे क्षार. तो धाग्यात वाळून बसतो, त्यामुळे पुन्हा धूळ धरते.

नंतर १ कप कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा पाव छोटा चमचा. पाव चमचाच! जास्त घातलंस तर साबण राहतो आणि पट्टा लवकर परत येतो. आधी कपाटात लपलेल्या जागी लावून बघ. पांढरं सुती फडकं ओलं करून घट्ट पिळ, कडेवर दाब, उचल, फडक्याची घडी बदल, परत दाब. घासू नकोस, टोकं फुटतात आणि तो भाग कायम मळकट दिसतो. काजळी फडक्यावर आलेली दिसेल. मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढ, कोरड्या टॉवेलने दाब, आणि पंखा लाव. एका वेळी हातभर लांबीच घे.

तेलकट भाग हटला नाही तर संत्र्याच्या सालीच्या तेलाचा कार्पेटसाठीचा डाग काढणारा द्रव मिळतो. तो फडक्यावर घेऊन लावायचा, कार्पेटवर ओतायचा नाही. खिडकी उघडी ठेव.

इंद्रायणी
आणि हायड्रोजन पेरॉक्साइड? ते तर ब्लीच नाही.

खटाटोप
तेही रंग उडवतंच. शिवाय काजळी म्हणजे कार्बन. ब्लीच असो की पेरॉक्साइड, कार्बनचा रंग त्याने जात नाही. कार्पेट फिकं पडेल आणि पट्टा आणखी उठून दिसेल.

नोंदवही
डिपॉझिटबद्दल कोणीच बोललं नाही. न्यू जर्सीत घर सोडल्यापासून ३० दिवसांत घरमालकाने डिपॉझिट व्याजासकट परत द्यायचं असतं, आणि काही कापलं तर कशाकशाचे किती ते लेखी द्यायचं असतं. रोजच्या वापराने होणारी झीज त्यात कापता येत नाही. पट्टे दाराखाली आणि बेसबोर्डला सगळीकडे सारखे आहेत, हे दाखवणारे फोटो आजच, साफ करायच्या आधी काढा, तारीख दिसेल असे. कार्पेट किती वर्षं जुनं आहे ते शनिवारी विचारा. दहा वर्षं जुन्या कार्पेटचे नव्याचे पैसे मागणं टिकत नाही.

मळवाट
फोटो काढले की आपणच डाग कबूल केल्यासारखं होतं.

नोंदवही
उलट आहे. डाग तर ऑफिसच्या बाईने पाहिलेच आहेत. ते कशामुळे झाले हे सांगायला आपल्या हातात काहीतरी हवं.

सह्यकडा
फरनेसचा फिल्टर शेवटचा कधी बदललात?

रानजाई
फिल्टर बदलायचा असतो? मला वाटलं ते ऑफिसचे लोक करतात.

सह्यकडा
लीजमध्ये कोणाचं काम लिहिलंय ते बघा. ऑफिसचं असेल आणि दोन वर्षांत कोणी आलं नसेल, तर तेही शनिवारी बोला. एक इंची फिल्टर साधारण तीन महिन्यांत बदलतात.

खटाटोप
आणि नव्या घरी सरळ मर्व्ह १३ फिल्टर लावा. मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण पकडतो त्याचा आकडा, मोठा तितका चांगला.

सह्यकडा
सरळ लावू नका. मर्व्ह १३ ने ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान निम्मे कण पकडायचे असतात, मर्व्ह ८ वर तशी अटच नाही, हे खरं. पण एक इंची खाचेत दाट फिल्टर बसवला की जुन्या पंख्याला हवा ओढता येत नाही. आधी मशीन काय झेपवतं ते बघायचं.

खटाटोप
माझ्या २०११ च्या फरनेसवर सहा वर्षं १३ आहे, काही झालेलं नाही.

सह्यकडा
तुमच्या डक्ट, म्हणजे हवेच्या नळ्या, मोठ्या असतील. तिच्या कशा आहेत ते आपल्याला माहीत नाही. दिवसा बेडरूमची दारं उघडी ठेवणं फुकट आहे आणि त्याने फरकही जास्त पडतो.

रानजाई (शुक्रवार, रात्री ११:३५)
तंतू वितळला, मणी झाला. फोटो काढले. दोन रात्री बसून जिना आणि दोन बेडरूम केल्या. साबणाच्या पाण्याने निम्मं आलं, फडकी अक्षरशः चुलीवरून काढल्यासारखी काळी झाली. संत्र्याच्या द्रवाने आणखी थोडं. दाराखालचे पट्टे जवळजवळ गेले. पलंगामागचा अजून करड्या रेघेसारखा दिसतोय. तो आणखी घासू का?

पैलतीर
नको. तिथे काजळी धाग्याच्या बुडापर्यंत गेली आहे, ती आता कार्पेटवाल्यांकडूनही पूर्ण निघेलच असं नाही. वाळू दे आणि झोप.

रानजाई (शनिवार, दुपारी १२:०५)
पाहणी झाली. फोटो दाखवले, दाराखालच्या पट्ट्याचं कारण सांगितलं, फिल्टर दाखवला. लीजमध्ये फिल्टर त्यांच्याकडेच आहे, सह्यकडा, तुम्ही म्हणालात म्हणून वाचलं. फिल्टर काढला तर राखेसारखा होता. तिने फोटो काढून घेतला. कार्पेट किती जुनं ते तिला माहीत नव्हतं, बघून कळवते म्हणाली. पैसे कापणार की नाही हे आज सांगितलं नाही.

नोंदवही
आजच्या आज तिला ईमेल करा. काय बोलणं झालं, कार्पेटचं वय विचारलं, फिल्टर त्यांच्याकडे, सगळं चार ओळींत. आणि नवीन पत्ता लेखी द्या, ३० दिवसांत चेक तिथेच यायला हवा.

रानजाई
केलं, आत्ताच पाठवलं. ओसरीताई, नव्या घरात देवघराची जागा खिडकीपाशीच निघाली आहे.