लेट मार्क आणि रविवार

ऑफिसच्या कल्चरवरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की भिंतीवर कंपनीची मूल्यं लावली आणि महिन्याला एक पार्टी दिली की कल्चर आपोआप तयार होतं. माझा अनुभव वेगळा आहे. अंधेरीत आमचं २२ माणसांचं छोटं युनिट आहे. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, हा नियम माझाच. एका जुलैत कुर्ल्याला रुळांवर पाणी साचलं. आमच्याकडच्या एक बाई बदलापूरहून चार तासांनी पोचल्या आणि मशीनने इमानेइतबारे त्यांचा तिसरा लेट मार्क नोंदवला. पगार कापला गेला. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या मोठ्या पावसात निम्म्या लोकांनी सरळ दांडी मारली! मग पैसे परत केले, सगळ्यांसमोर चूक कबूल केली (जीभ अडखळली, खोटं कशाला सांगू). आता लोकल बंद तर लेट मार्कही बंद.

आणि रविवारी व्हॉट्सॲपवर कामं धाडणाऱ्या साहेबांनो, ही सुट्टी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी याच मुंबईत गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये मिळवली. आमच्या ग्रुपवर रविवारी फक्त क्रिकेट चालतं.