मदत हवी आहे: सेलेस्टचं ३००० मीटर आणि निन्जा गायडनचं ६-२

अर्धीउडी:
दोन व्हिडिओ गेममध्ये गाडं अडलंय. दोन्हींवर नेमका उपाय हवा आहे. निन्टेंडोचा स्विच हा कन्सोल डॉकला (टीव्हीशी जोडणाऱ्या स्टँडला) लावून टीव्हीवर खेळतोय, प्रो कंट्रोलर वायरशिवाय, आवाजासाठी ब्लूटूथ हेडफोन.

सेलेस्ट (मॅडलिन नावाच्या मुलीला डोंगर चढवायचा गेम), सातवं प्रकरण, ३००० मीटरचा टप्पा. सुरुवातीचे झेंडे (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं त्या खुणा) पार होतात, निम्म्यानंतर अडतं. तिरपा डॅश (हवेतली झपकन झेप) मारायचा असतो, पण तो सरळ वर जातो नाहीतर आडवा. शिवाय कड्याच्या अगदी टोकावरून उडी मारताना बटण दाबलेलं असतं, तरी मॅडलिन नुसती खाली पडते. हे दर वेळी होत नाही, म्हणून चूक बोटांची की कशाची ते कळत नाही.

निन्जा गायडन, एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलवरचा १९८८ चा गेम, स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वातल्या लायब्ररीतून. ६-२ मध्ये (सहाव्या अंकाच्या दुसऱ्या भागात) पक्षी मारला की त्याच जागी दुसरा येतो. त्याचा धक्का बसला की सरळ खड्ड्यात. त्यातून निसटून शेवटच्या बॉसपर्यंत पोचलं तरी तिथे हरलं की परत ६-१.

सराव तर करायचाच आहे, पण नेमका कशाचा, ते कोणी सांगेल का? सेलेस्टमधला असिस्ट मोड (गेम सोपा करणारे पर्याय) अजून लावलेला नाही. लावावा की नाही यावरही मत द्या.

फ्रेमवाला:
'दर वेळी होत नाही' ही यातली सर्वांत उपयोगी माहिती आहे. बोटांकडे वळण्याआधी टीव्ही तपासा.

कडा सोडल्यानंतरही सेलेस्ट ०.१ सेकंद उडी मान्य करतो. गेम सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतो, म्हणजे ही सवलत ६ फ्रेमची झाली. आता टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात १०० मिलिसेकंद उशीर करत असेल, तर तेही ६ फ्रेमच होतात. तुम्हाला मॅडलिन टोकावर दिसते त्या क्षणी गेममध्ये ती टोक सोडून ६ फ्रेम पुढे गेलेली असते. सगळी सवलत टीव्हीनेच खाल्ली. बोट जरा लवकर पडलं तर उडी लागते, बरोबर वेळेवर पडलं तर लागत नाही. म्हणून कधी होतं, कधी नाही.

स्विच डॉकमधून काढा आणि तीच खोली हातातल्या पडद्यावर खेळा. फरक लगेच जाणवला तर दोष टीव्हीच्या जोडणीत आहे. मग टीव्हीवर गेम मोड लावा. बऱ्याच टीव्हींवर तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो, म्हणून स्विच ज्या पोर्टला आहे त्यावरच लावलाय ना ते बघा. हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय आणि नॉइज रिडक्शन, दोन्ही बंद. मग कंट्रोलर यूएसबी केबलने डॉकला जोडा. नुसती केबल खोचून भागत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्सखाली 'प्रो कंट्रोलर वायर्ड कम्युनिकेशन' चालू करावं लागतं. ब्लूटूथ हेडफोन सरावापुरते बाजूला ठेवा. उडीचा आणि डॅशचा आवाज उशिरा आला की हात नकळत त्या उशिराच्या तालाशी जुळवून घेतो.

कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्येच 'टेस्ट इनपुट डिव्हाइसेस' आहे. त्यात डी-पॅडचं (कंट्रोलरवरच्या दिशांच्या बटणांचं) डावं-उजवं बटण वेगवेगळ्या जोराने दाबून पाहा. आडवं दाबताना मध्येच 'वर' लागलेलं दिसलं, तर तुमचे निम्मे चुकलेले डॅश तिथूनच येत आहेत. तसं असेल तर स्टिक वापरा. नसेल तर डी-पॅडच बरा, कारण त्यावर आठही दिशा बोटाला स्पष्ट कळतात.

आता तिरप्या डॅशचं. बटण दाबल्यावर गेम ३ फ्रेम गोठतो आणि दिशा त्यानंतर वाचतो. म्हणजे दिशा थोडी उशिरा पोचली तरी चालते, पण लवकर सुटलेली चालत नाही. अनेकांची चूक हीच असते: दिशा आणि डॅश एकदम टिचकीसारखे मारायचे आणि एकदम सोडायचे. दोन दिशांपैकी एक बोटाखालून आधी सुटते, उरलेली गेमला मिळते, आणि डॅश सरळ जातो. तिरपी दिशा आधी धरा, मग डॅश दाबा, आणि मॅडलिन निघालेली दिसेपर्यंत दिशा सोडू नका.

पायरीपायरी:
फ्रेमवाला यांच्याशी सहमत. ३००० मीटरपुरतं माझ्याकडून.

झेंडा नुसता हवेतून ओलांडला तर तो लागत नाही. तिथे पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. घाईत झेंड्यावरून उडत पुढे गेलात तर मेल्यावर आधीच्या झेंड्यापासून सुरुवात होते. प्रत्येक झेंड्याशी थांबून श्वास घ्या. मागून कोणी येत नाही.

केसांचा रंग बघायची सवय लावा. या प्रकरणात दोन डॅश असतात: गुलाबी म्हणजे दोन्ही शिल्लक, लाल म्हणजे एक, निळा म्हणजे संपले. हिरवा स्फटिक डॅश भरून देतो, पण तो दोनाच्या वर जात नाही. लाल केसांनी स्फटिक घेतला तर एकच डॅश पदरात पडतो आणि स्फटिक परत यायला अडीच सेकंद लागतात. डॅश वाया जाऊ द्यायचा नसेल तर निळ्या केसांनीच त्याला भिडलं पाहिजे. शेवटच्या झेंड्यांमधली बरीचशी अडचण बोटांच्या वेगाची नाही, या हिशेबाची आहे. जिथे वारंवार मरता तिथे गेम पॉझ करा आणि कुठला डॅश कुठे खर्च होतो ते बोटांवर मोजा.

भिंत धरल्यावर ताकद ११० असते. नुसतं लटकलं तर सेकंदाला १० जातात, वर चढलं तर ४५ च्या आसपास, आणि भिंतीला धरून वर मारलेली एकेक उडी २७.५ घेते. चार उड्यांत ताकद संपली. भिंतीपासून लांब मारलेली उडी मात्र फुकट असते. त्यामुळे उंच भिंतीवर पकड सोडायची, दिशेचं बटण न दाबता उडी मारायची आणि लगेच भिंतीकडे वळायचं. असं केलं तर ताकद न जाता वर जाता येतं. ही युक्ती हाताला बसायला वेळ लागतो. पहिल्या प्रकरणातल्या एखाद्या काटे नसलेल्या भिंतीवर ती घोटून घ्या.

आणखी एक, उडीचं बटण दाबून धरा. उडीच्या माथ्यावर बटण दाबलेलं असेल तर गुरुत्व निम्मं होतं आणि डॅशची दिशा ठरवायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. टिचकी मारून सोडलं की हा वेळ गेला.

सहा_दोन:
निन्जा गायडनचा नियम सेलेस्टच्या नेमका उलट आहे. सेलेस्ट तुम्हाला न सांगता सवलती देतो, हा एकही देत नाही. दोन्ही गेम एकाच पद्धतीने शिकायला गेलात तर दोन्हीकडे अडाल.

पक्षी पुन्हा का येतो? प्रत्येक शत्रूची एक ठरलेली जागा आहे. ती जागा पडद्याच्या कडेला आली की शत्रू जन्मतो. तुम्ही पक्षी मारला आणि धक्क्याने किंवा भीतीने अर्धं पाऊल मागे आलात, तर ती जागा कडेबाहेर जाऊन परत आत येते, आणि पक्षीही. म्हणून मारल्यावर मागे यायचं नाही, उभंही राहायचं नाही. पुढे सरका. जागा पडद्याच्या पुरती आत आली की तो पक्षी संपला.

म्हणजे प्रश्न पक्षी कसा मारावा हा नसून कुठे उभं राहून मारावा हा आहे. खड्ड्याच्या काठावर उभं राहून वार केला आणि चुकला, तर धक्का आत नेतो. काठापासून धक्क्याच्या अंतराएवढं आत थांबा, पक्ष्याला येऊ द्या, एका वारात तो मरतो, आणि लगेच उडी. पक्षी तुमच्या दिशेने वेग घेत येतो आणि चुकला तर पुढे जाऊन वळतो. त्याच्या मागे धावू नका, वळून आल्यावर वार करा.

जंप अँड स्लॅश हे अस्त्र बॉससाठी जबरदस्त आहे, पण हवेतला प्रत्येक वार अस्त्रांसाठी साठवलेले ५ गुण खातो. साध्या शत्रूवर हवेतून वार करायचा असेल तर खालचं बटण धरून वार करा. मग साधी तलवार चालते आणि गुण वाचतात. साधा शुरिकेन (फेकायची चांदणी) ३ घेतो, विंडमिल हा दुसरा शुरिकेन ५, पण विंडमिल परत येते. ती तुम्हाला लागेपर्यंत फिरत राहते, म्हणून तिला चुकवत राहिलात तर एकाच खर्चात पुन्हा पुन्हा मार बसतो. ६-२ मध्ये वाटेत दिसेल ते अस्त्र उचलू नका. हातात चांगलं असेल तर नको असलेला दिवा फोडला तरी त्यातली वस्तू खाली पडू द्या, अंगावर घेऊ नका.

६-१ ला परत जाण्याबद्दल: ती शिक्षा फार कडक आहे, आणि माझ्या मते गेममधला सर्वांत वाईट निर्णयही तोच. पण त्यात एक दिलासा आहे. हरवलेला बॉस पुन्हा लढावा लागत नाही. पहिला मास्क्ड डेव्हिल गेला की पुढच्या वेळी थेट जॅकिओ येतो, तो गेला की राक्षस. कंटिन्यू कितीही वेळा मिळतात. त्यामुळे बॉसपर्यंतची एक फेरी म्हणजे एक बॉस, असा हिशेब ठेवला तर डोकं शांत राहतं.

जुनी_कॅसेट:
इथे बऱ्याच जणांचा हात नव्वदच्या दशकातल्या क्लोन कन्सोलवर (एनईएसच्या नकलांवर) तयार झालेला असेल, त्यांच्यासाठी. आपले टीव्ही पाल या प्रसारण पद्धतीचे होते. त्यांच्यासाठीचे क्लोन सेकंदाला ५० फ्रेमने चालत. ६० साठी लिहिलेला गेम त्यावर सुमारे सतरा टक्के हळू पळे. आज तोच गेम स्विचवर मूळ वेगाने चालतो. लहानपणी सहज जमणारी कॉन्ट्रातली उडी आता चुकते याचं हे एक खरं कारण आहे. जुना ताल विसरून नव्याने मोजायला हवं.

इतकं करूनही हे गेम सोडून द्यावेसे का वाटत नाहीत, तर ते तुमच्याशी लबाडी करत नाहीत. मेगा मॅन २ या गेममधली क्विक मॅन या बॉसची पातळी बघा. खाली पडताना दोन्ही बाजूंनी येणाऱ्या किरणांचा स्पर्श झाला की मृत्यू. पण किरण कधी आणि कुठून येतील हे दर वेळी अगदी तेच असतं. शिवाय सुटकाही ठेवली आहे: फ्लॅश मॅन या दुसऱ्या बॉसकडून मिळणारं टाइम स्टॉपर वापरलं की किरण थांबतात. मात्र तेच अस्त्र क्विक मॅनची निम्मी शक्ती घेतं. वाटेत खर्च केलं तर बॉस अवघड, बॉससाठी राखलं तर वाट अवघड. असा निर्णय देणारी पातळी कितीही वेळा खेळली तरी शिळी होत नाही. ज्यात शत्रू यादृच्छिक येतात आणि त्यालाच अवघडपणा म्हटलं जातं, ते गेम मी या रांगेत बसवत नाही.

अर्धीउडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. हातातल्या पडद्यावर टोकावरची उडी लागते, म्हणजे दोष टीव्हीचाच. गेम मोड दुसऱ्याच पोर्टवर लावलेला निघाला. डी-पॅडची चाचणी स्वच्छ आहे, त्यामुळे तिरप्या डॅशची चूक माझ्या सोडण्याची. झेंड्यावर पाय टेकायला हवा हे माहीतच नव्हतं.

अजून दोन प्रश्न. निन्जा गायडनमध्ये रिवाइंड वापरून सराव केला तर सवय बिघडते का? आणि असिस्ट मोडबद्दल कोणीच बोललं नाही.

सहा_दोन:
रिवाइंडने शिकू नका. चूक झाल्यावर दोन सेकंद मागे गेलात की चुकीच्या आधीची जागा कधीच सुधारत नाही, आणि ६-२ मध्ये चूक जवळजवळ नेहमी आधीच्या उडीत असते. त्याऐवजी सस्पेंड पॉइंट (खेळाची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवायची सोय) वापरा. एका गेमला चार मिळतात. एक ६-१ च्या सुरुवातीला, एक ६-२ च्या, एक ६-३ च्या, आणि चौथा बॉसच्या दारात. सराव उलट्या क्रमाने करा: आधी बॉस, मग ६-३, मग ६-२. पुढे काय आहे ते हाताला माहीत असलं की ६-२ मध्ये भीतीने मागे पाऊल पडत नाही, आणि पक्ष्यांचा प्रश्नही त्यानेच निम्मा सुटतो.

पायरीपायरी:
असिस्ट मोड शिकण्याचं साधन म्हणून उत्तम आहे. अमरत्व आणि जादा डॅश बंद ठेवा, नाहीतर वरचा रंगांचा हिशेब शिकला जाणार नाही. फक्त वेग कमी करा. तो १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी ५० पर्यंत उतरतो. अडलेला झेंडा ८० वर सलग तीनदा पार झाला की ९०, मग १००. ७० च्या खाली जाऊ नका. तिथे वाट पाठ होते, पण ताल इतका वेगळा असतो की पूर्ण वेगावर हात नव्याने शिकावा लागतो. आणि ज्यांना बोटांचा किंवा नजरेचा त्रास आहे त्यांनी हवं ते चालू करावं. तो मोड त्यासाठीच ठेवलेला आहे, त्यात कमीपणा काहीच नाही.

फ्रेमवाला:
गेम मोड लागल्यावर पहिला थोडा वेळ उड्या उलट जास्त चुकतील. आतापर्यंत हात उशीर धरून बटण लवकर दाबत होता, ते आता खरोखरच लवकर पडेल. उडीचं बटण जमिनीला टेकण्याच्या सुमारे ५ फ्रेम आधी दाबलं तरी सेलेस्ट ते लक्षात ठेवतो, त्याहून आधीचं सोडून देतो. म्हणून ३००० मीटरला लगेच जाऊ नका. पहिल्या प्रकरणात टोकावरच्या उड्या मारून ताल बसवा, मग वर जा.

सहा_दोन:
आणि बॉसच्या दारातला सस्पेंड पॉइंट ठेवलात की एक लक्षात असू द्या: मास्क्ड डेव्हिलवर वार करायचा नाही. वर जो गोळा आहे तो फोडायचा आहे.